तिसरी डिझायनर आली आणि अर्धा तास सोप्यात नुसती बसली. घर हिला द्यावं का?

सोप्यावरची (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

मंडळी जरा सल्ला पाहिजे, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर जुनं. पुढं सोपा (म्हणजे ओसरी), मधी माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. वरचा मजला सासऱ्यांनी नंतर चढवला तो सिमेंटचा. गळती, पाइपलाइन, वायरिंग सगळं उन्हाळ्यात उरकलं, आता आतलं काम राहिलंय. म्हटलं एकदाच होतंय तर डिझायनर बघू.

पहिला टॅब घेऊन आला. त्याची दहा-बारा घरं बघितली, सगळीकडं तोच राखाडी सोफा, टीव्हीमागं संगमरवरासारखी भिंत, त्यात सोनेरी पट्टी, छताला खाचेतलं लाइटिंग. घर राजारामपुरीतलं का उचगावचं कळायला मार्ग नाही. आठ दिवसांनी त्याचं ड्रॉइंग आलं, त्यात सोप्याच्या जागी 'एल शेप सोफा' (ह्यांनी फोनवर सोपा सोपा म्हणून सांगितलं होतं, त्यानं सोफा ऐकलं, घरात अजून हसायलेत). दुसऱ्यानं बजेट किती ते विचारलं आणि मग बाकी काहीच विचारलं नाही.

तिसरी एक बाई. फोटो दाखवलेच नाहीत. चप्पल काढली, सोप्यात टेकली आणि अर्धा तास बसून राहिली. मग सुरू झाली, तिखट कुठं वाळवता, मटणाच्या दिवशी पंगत कुठं बसते, किती माणसं असतात, गौरी कुठं बसवता, सासूबाई दुपारी कुठं आडव्या होतात, रात्री लाइट गेली तर पहिला हात कुठं जातो. नवरा म्हणाला ही जनगणनेला आलीय का काय. मी विचारलं तुमची स्टाइल कुठली, तर हसली आणि चहा मागितला.

तिचा प्लॅन हातानं काढलेला. फॉल्स सीलिंग नाही, सोप्यातला लाल कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन) आहे तसा ठेवायचा, सासूबाईंचं सागवानी फडताळ ठेवायचं, फक्त जागा बदलायची. ह्यांना कोबा काढून चकचकीत टाइल पाहिजे. आता सांगा, फोटो न दाखवणाऱ्या डिझायनरची स्टाइल ओळखायची कशी? आणि कोब्याचं काय करू?

---

तिसरामजला

ताई, जुनं ते सोनं म्हणणारे आता दहा जण येतील म्हणून आधीच लिहितो. कोबा फोटोत छान दिसतो. थंडीत पाय गारठतात, भेगा पडतात, आणि रोज पुसणार तुम्हीच.

माझ्या बहिणीनं डिझायनरच्या नादानं हॉलमध्ये अथंगुडी टाइल घातल्या. तमिळनाडूत चेट्टिनाडकडं हातानं करतात, काचेवर रंग ओतून वर सिमेंट-वाळू भरायची आणि पाण्यात मुरवायची, भट्टी नाही काही नाही. दिसायला एक नंबर, खरंच. पण सिमेंटची टाइल पाणी पिते, आणि ही गोष्ट त्या डिझायनरनं सांगितलीच नाही, डाग मुरू न देणारं सीलर मारायचं पण राहिलं. पहिल्याच श्रावण सुटल्याच्या जेवणाला तांबड्या रश्श्याची वाटी कलंडली. तो डाग अजून आहे, त्यावर आता कुंडी ठेवलीय. पाहुणे विचारतात कुंडी मधीच का.

व्हिट्रिफाइड टाइल टाकून मोकळं व्हा. स्टाइल-बिइल पाच वर्षांत बदलते.

---

काळापाषाण

मी ह्याच धंद्यात आहे, त्यामुळं माझं बोलणं जरा पारखून घ्या. (ती तिसरी बाई मी नव्हे.)

स्टाइल कुठली हा प्रश्न मला आठवड्यातनं दोनदा येतो. मॉडर्न, ट्रॅडिशनल, आता बोहो. खरं सांगायचं तर पहिली चारपाच वर्षं माझ्याकडं पण टॅब होता आणि त्यात तोच राखाडी सोफा होता.

माझ्यावर कुणाचा प्रभाव म्हणाल तर आधी आजोळचं घर, गडहिंग्लजच्या बाजूला. दीड हात जाड दगड-मातीच्या भिंती, त्यात कोनाडे, खुंट्या, देवळी. मे महिन्यात दुपारी आजी पुढचं दार ओढून घ्यायची आणि माजघरात उजेडाची एकच पट्टी यायची, ती सरकत सरकत जात्यापाशी गेली की चार वाजले समजायचं. कॉलेजात आर्किटेक्ट लॉरी बेकरचं काम दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं हे तर आजीचंच घर. हा माणूस इंग्लंडचा, १९४५ ला भारतात आला तो कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या कामासाठी, आणि पुढं केरळात विटांची जाळी करून भिंतीतनंच वारा-उजेड घ्यायला लागला. भिंतीतच कोनाडा ठेवला की कपाट कमी लागतं, त्याला हे कळलं होतं आणि आमच्या आजीला पण.

दुसरा श्रीलंकेचा जेफ्री बावा. आधी वकील, आर्किटेक्ट झाला तेव्हा अडतीस वर्षांचा. कोलंबोतलं त्याचं राहतं घर म्हणजे एका बोळातली चार छोटी घरं, एकेक घेत जोडलेली. मधी छोटे छोटे चौक, उघडं आभाळ, कुठनं कुठनं आणलेले जुने खांब नि दारं. आपल्या पेठांतली घरं अशीच तर आहेत की, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि मधी भिंती आल्या. मी एका घरात अशी एक भिंत परत पाडली (दोन्ही भावांची लेखी परवानगी घेऊन, हसू नका, लागते).

आणि तिसरा प्रभाव आपलाच, नवा राजवाडा. लोकांना 'शाही लूक' पाहिजे असला की पीओपीचे खांब आणि सोनेरी पेंट मागतात. अहो राजवाडा बघा जाऊन, इंग्रज आर्किटेक्ट मेजर मँटनं काढलेला, १८८४ ला पुरा झाला. सगळा घडवलेला काळा दगड, आणि रंग पाहिजे तिथं दरबार हॉलच्या काचांत, शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंग. बाकी सगळीकडं हात आखडता. मी घरात असंच करते, एक जागा बोलकी, बाकीच्यांनी गप बसायचं.

आता तुमची ती बाई बसून का राहिली. मी पण बसते. सकाळी एकदा, दुपारी दोनला एकदा आणि दिवेलागणीला एकदा, तीन खेपा झाल्याशिवाय पेन्सिल हातात घेत नाही. ऊन कुठनं येतं, कुकरची शिट्टी झाली की आजी कुठनं ओरडते, शाळेतनं पोरं आली की दप्तर कुठं टाकतात. दप्तर जिथं पडतं तिथंच खुंटी मारायची, दुसरीकडं मारली तर दप्तर जमिनीवरच राहणार. ओटा सगळे चौतीस इंच करतात, मी बाईला उभी करून कोपराखाली चार-पाच इंच मोजते. एका काकूंचा ओटा एकतीस इंच केला, सुतारानं तीनदा विचारलं चुकून लिहिलंय का. लाइट हॉलमध्ये पिवळसर, ३००० केल्विन लिहिलेले. ते पांढरे ढण्ण दिवे ओट्यावर ठीक, जेवणाच्या ताटावर पडले की पांढरा रस्सा निळा दिसतो.

चुकले ते पण सांगते. ताराबाई पार्कात एका फ्लॅटला किचनमध्ये उघडी फळकुटं केली, मासिकात असतात तशी. त्या घरात वर्षाचं कांदा-लसूण तिखट भाजलं जातं हे मी विचारलंच नव्हतं. सहा महिन्यांत प्रत्येक बरणीवर तांबूस चिकट थर. आता तिथं पडदा लावलाय, फुलाफुलांचा. मी गेले की वहिनी तो पडदा मुद्दाम ओढून दाखवतात.

कोबा ठेवा. भेगा दुरुस्त करायला जाऊ नका, नवा ऑक्साइड (कोब्यात घालतात तो रंग) जुन्या रंगाला कधीच मिळत नाही, ठिगळ दिसतं. फारच फुटलेला कोपरा असेल तर तेवढा काढून कडाप्प्याची पट्टी घाला, ती वेगळी आहे हे उघड दिसू दे.

---

रंधा_करवत

मी सुतार हाय, पोरगा टाइप करून देतोय.

डिझायनर कसा हाय त्ये आमास्नी पहिल्या दिवशी कळतंय. ड्रॉइंगमधी सगळं मिलिमीटरात असतंय, आणि जुन्या घराची भिंत काय सरळ असती व्हय? वरनं खाली दीड इंचाचा फरक. एक हुता, त्यानं वार्डरोब फॅक्टरीत करून आणला, बसला न्हाई, वर तीन बोटं फट. म्हणला सिलिकॉन भरा. तीन बोटं सिलिकॉन!

ह्या ताईंच्या बाईनं हातानं काढून दिलंय म्हणजे भिंतीला वळंबा लावून बघितला असणार. त्यांना दोन गोष्टी इचारा. एक, सिंकखाली काय वापरणार. प्लायवर आयएस ३०३ छापलंय का ७१० ते सोता बघायचं, पाण्याच्या जागी ७१० च. भुशाचा बोर्ड तिथं घातला की दोन वर्सात पापडागत फुगतोय. आणि दोन, दुकानाकडनं कमिशन घेता का. घेत असले तर घेऊ देत, पण आधी सांगा म्हणावं.

फडताळ टाकू नका. जुनं सागवान हाय ते, रंधा मारला की वास येतोय अजून. बिजागऱ्या तेवढ्या पितळी घाला.

---

जयंतीकाठ

स्टाइल वगैरे मला कळत नाही, मी पाण्यातला माणूस. शाहूपुरीत आमच्या तळमजल्यात २०१९ ला कमरेएवढं पाणी, २०२१ ला परत. पहिल्या पुरात नवाकोरा टीव्ही युनिट, बेडचे बॉक्स, मॉड्युलर किचनचे खालचे कप्पे, सगळं फुगून ट्रॉलीत भरून टाकलं. आईचं लोखंडी कपाट आणि आजीचा शिसवी पाट धुऊन पुसून परत घरात.

दुसऱ्या खेपेला डिझायनर मिळाली ती आल्या आल्या भिंतीवरचा पाण्याचा डाग शोधत होती. डागाच्या वर वीतभर तिनं खडूनं रेघ ओढली आणि म्हणाली ह्याच्याखाली लाकूड नाही, प्लग नाही. ओटा कडाप्प्याच्या पायांवर, खाली उघडा, डबे ट्रॉलीत, ट्रॉली उचलून वर नेता येते. पलंग लोखंडी. खालच्या भिंतीला वॉलपेपर नाही, साधा चुना. बघायला येणारे म्हणतात घर अर्धवट राहिलंय का. मी म्हणतो हो.

मंगळवार पेठेत तुमच्याकडं पाणी येत नसेल, पण ओल येते. तिनं ओलीबद्दल विचारलं का?

---

तिसरामजला

काळापाषाण, तुमचं पटलं बऱ्यापैकी. पण तीन खेपा आणि कोपर मोजणं हे तुमच्या फीमध्ये येतं ना? आमच्यासारख्या टू बीएचकेवाल्यानं काय करायचं? मला सात लाखांत सगळं बसवायचंय आणि टर्नकीवाला (सगळं काम एकहाती करून देणारा) पंचेचाळीस दिवसांत देतो म्हणतोय.

---

काळापाषाण

तर मग मला बोलवूच नका, खरंच. नुसत्या सल्ल्याची फी घेणारे मिळतात, दोन भेटी आणि एक कच्चा आराखडा, मग रंधा_करवत काकांसारखा माणूस धरा. त्या सात लाखांतनं पीओपी वजा करा आणि ते पैसे नळ, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलवर घाला. रोज हात लागतो त्या वस्तू भारी घ्यायच्या. छताला कोण हात लावतंय.

---

सोप्यावरची

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ती कुंडी वाचून पोट दुखेपर्यंत हसलो (कोल्हापूरच्या बायका आम्ही, हसलोच म्हणणार).

अपडेट देते. काल तिला परत बोलवलं. कमिशन विचारलं, म्हणाली एका लाइटच्या दुकानातनं मिळतं, बिलात वजा करून दाखवीन. सिंकखाली तिनं लाकूड काढलंच नव्हतं, कडाप्पाच. ओलीचं विचारायच्या आधीच परड्याकडच्या भिंतीचा पोपडा नखानं काढून बघत होती.

कोब्यावरनं घरात भांडण चालू होतं तेवढ्यात सासूबाई आल्या, त्या ह्या विषयात आजपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. सोप्याच्या कोपऱ्यात कोब्यात एक बारका पंजाचा ठसा आहे, आम्हाला वाटायचं कुत्र्याबित्र्याचा असंल. म्हणाल्या, ह्याचा हाय, कोबा ओला हुता आन् हा रांगत गेला, गवंड्यानं घोटतो म्हटलं तर तुझ्या सासऱ्यांनी घोटू दिला न्हाई.

नवरा खाली बसून बराच वेळ बोट फिरवत होता त्याच्यावर. मग म्हणाला टाइल वरच्या मजल्यावर घालू.

तिनं वहीत कोपऱ्याचं माप घेतलं आणि तिथं काढलेली चप्पलांची मांडणी खोडली.