नववीला क्षमताधिष्ठित मूल्यमापन: ६० मुलं, ३५ मिनिटांची तासिका, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (मुख्याध्यापक, अनुदानित माध्यमिक शाळा)
नमस्कार. नववीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ६० विद्यार्थी. नव्या अभ्यासक्रम आराखड्यात भर क्षमतांवर (म्हणजे पाठांतरापेक्षा शिकलेलं वापरता येण्यावर) आहे, पण दहावीला शेवटी बोर्डाचाच पेपर: विज्ञानाला ४० + ४० लेखी आणि २० प्रात्यक्षिक. शिक्षक विचारतात, पोर्शन संपवायचा की क्षमता मोजायच्या? जूनपासून विज्ञान-गणितात नेमकं काय बदलावं? नोंदवह्या वाढवायच्या नाहीत.

उत्तर १ (विज्ञान शिक्षिका)
सर, वार्षिक नियोजनाला हात लावण्याआधी घटक चाचणी बदला. मुलं आणि शिक्षक, दोघंही चाचणीत जे येतं तेच गांभीर्याने घेतात.

नववीचं ‘धाराविद्युत’ घ्या. ‘ओहमचा नियम (व्होल्ट वाढतील त्याच प्रमाणात धारा वाढते) लिहा’ याऐवजी प्रयोगातली वाचनं द्या: एकाच नायक्रोम तारेला १.५ व्होल्टला ०.३० अँपिअर, ३.० ला ०.६०, ४.५ ला ०.७५. कोणतं वाचन संशयास्पद? का? पुन्हा प्रयोग करताना काय तपासाल? प्रमाणात पाहता तिसरं ०.९० हवं होतं. घटावर (सेलवर) छापलेले व्होल्ट नुसते मोजले आणि व्होल्टमीटर लावलाच नाही, तर असं हमखास होतं, कारण जास्त धारा काढली की घटांचं विभवांतर (प्रत्यक्ष मिळणारे व्होल्ट) खाली येतं. बरीच मुलं ‘तार तापली’ लिहितील. नायक्रोमचा रोध तापमानाने फार थोडा बदलतो, तेव्हा त्या उत्तराला अर्धे गुण द्या आणि वर्गात चर्चा करा.

२० गुणांच्या चाचणीत सुरुवातीला असे ६ गुण पुरेत, दुसऱ्या सत्रात १० करा. एक चूक सगळीकडे होते: वर चार ओळींचा उतारा आणि खाली ‘व्याख्या लिहा’. उतारा हाताने झाकून बघा. तरीही उत्तर देता आलं, तर तो प्रश्न क्षमतेचा नाही.

उत्तर २ (प्रयोगशाळा पाहणारे शिक्षक)
मॅडमशी सहमत, पण कागदावर हाताचं कौशल्य दिसत नाही. सर, पंधरवड्यातून एकदा विज्ञानाच्या दोन तासिका लागोपाठ लावा. एकूण तासिका तेवढ्याच राहतात, ७० मिनिटं सलग मिळतात. ३० मुलं सहा-सहाच्या पाच गटांत प्रयोग करतील, उरलेली ३० दिलेल्या वाचनांचा आलेख काढतील, मग अदलाबदल. साहित्याचे पाच संच पुरतात.

साठही मुलं एका दिवशी तपासायला जाऊ नका. प्रत्येक प्रयोगाला ठरलेली १२ मुलं, पाच प्रयोगांत वर्ग पूर्ण. निकष एकच ठेवा आणि ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ असले शब्द टाळा, दोन शिक्षक त्यांचे दोन अर्थ लावतात. दिसेल ते चार स्तरांत लिहा, उदाहरणार्थ अमीटर (धारा मोजणारं उपकरण) जोडण्यासाठी:
१: अमीटर समांतर जोडतो
२: सांगितल्यावर एकसर (त्याच मार्गात, एकापुढे एक) जोडतो
३: स्वतः जोडतो, वाचन एककासह लिहितो
४: वाचन चुकलं तर दोष शोधून काढतो

समांतर जोडलेला अमीटर जळू शकतो. म्हणून शिक्षकाने जोडणी पाहिल्याशिवाय कोणी कळ लावायची नाही.

उत्तर ३ (गणित शिक्षक)
नोंदींबद्दल तुमची भीती रास्त आहे. आठवीपर्यंतच्या आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर तयार वर्णनात्मक नोंदी फिरतात आणि साठ मुलांपुढे तीच सात वाक्यं उतरतात. हजेरीपटाच्या झेरॉक्सवर फक्त स्तराचा आकडा टाका. वाक्य लिहायचं ते फक्त स्तर १ च्या मुलासाठी, तेही काय अडलं एवढंच.

गणितात गुणांपेक्षा चुकीचा प्रकार टिपा. ‘आधी २०% सूट, उरलेल्या किमतीवर १०%, म्हणजे एकूण ३०% का?’ १००० चे ८००, मग ७२०, म्हणजे २८%. ‘३०’ लिहिणाऱ्याचा गुणाकार पक्का असतो, टक्केवारी कशाची काढायची हे कळलेलं नसतं. त्याला आणखी वीस उदाहरणं देऊन उपयोग नाही.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. स्तर १ ला वीसेक मुलं निघाली तर?

उत्तर २
मग दोष बहुधा शिकवण्याच्या क्रमात आहे सर. पुढचा धडा दोन तासिका थांबवा, स्तर ३-४ च्या मुलाबरोबर जोड्या लावा, आणि फेरतपासणीला नवी जोडणी द्या. तीच दिली तर पाठ केलेली कृती बघायला मिळेल.