५ केव्हीए हायब्रिड सोलर किट: एक लिथियम बॅटरी पुरेल की दोन लागतील?

गच्ची_रिकामी

घरासाठी बॅटरीसकट सोलर किट घ्यायचं आहे. दोन कोटेशनं हातात आहेत.

किट अ: ५४० वॉटची ६ मोनो पॅनेल, ५ केव्हीए हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही एकत्र चालवणारा; पीव्ही म्हणजे पॅनेलकडचा इनपुट कमाल ५०० व्होल्ट), ५१.२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-अवर) एक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी.

किट ब: तीच ६ पॅनेल, ५ केव्हीए ऑफग्रिड इन्व्हर्टर (ग्रिडला वीज परत न पाठवणारा; पीव्ही इनपुट कमाल १४५ व्होल्ट), १२ व्होल्ट १५० एएचच्या चार ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या.

रात्रीचा लोड: तीन साधे पंखे ९ तास, ८ एलईडी बल्ब ५ तास, टीव्ही आणि दोन लॅपटॉप ३-३ तास, राउटर आणि फ्रिज कायम. दिवसा १ एचपीचा पाण्याचा पंप अर्धा तास. गिझर, इस्त्री, एसी बॅटरीवर नकोत. लाइट रोज जाते, कधी रात्रभर येत नाही.

ब स्वस्त पडतंय आणि कागदावर त्यात साठवण जास्त दिसते (७.२ युनिट विरुद्ध ५.१२). मग अ का घ्यावं? आणि अ घेतलं तर बॅटरी एक पुरेल का?

---

क्लॅम्पमीटर

आधी संध्याकाळी ६ ते सकाळी ७ एवढाच हिशेब करा. पॅनेल किती वॉटची हा प्रश्न नंतरचा. बॅटरीसकट किट फसतं ते बहुतेक वेळा रात्री फसतं.

पंखे ३ × ७५ वॉट × ९ तास = २.०३ युनिट. बल्ब ८ × ९ × ५ = ०.३६. टीव्ही ८० वॉट धरला तर ०.२४. लॅपटॉप ०.३०. राउटर १० वॉट × १३ तास = ०.१३. फ्रिज दिवसाला १.२ युनिट खात असेल तर रात्रीचे ०.६. बेरीज ३.६६ युनिट.

ही इन्व्हर्टरच्या बाहेर पडलेली वीज. डीसीचं एसी करताना साधारण ८ टक्के जातात, म्हणजे बॅटरीतून ३.९८ निघाले. त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च, जो कुठल्याच कोटेशनमध्ये लिहीत नाहीत. या आकाराचे इन्व्हर्टर नुसते चालू असले तरी ५० ते ७५ वॉट खातात. ६० वॉट × १३ तास = ०.७८. एकूण ४.७६ युनिट.

बॅटरी ५.१२ युनिटची. १५ टक्क्यांवर कटऑफ ठेवला (म्हणजे तिथे बॅटरी वापरणं बंद) तर हाताशी ४.३५. म्हणजे लाइट रात्रभर गेली तर पहाटे पाच-सहाच्या सुमारास घर अंधारात.

पण दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदला. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास खातो. तीन पंख्यांचे २.०३ चे ०.८१ होतात आणि सगळा हिशेब ३.४४ युनिटवर येतो. तीच एक बॅटरी रात्र काढून वर २० टक्के शिल्लक ठेवते. जी वीज लागतच नाही ती साठवायला बॅटरी लागत नाही, एवढी सरळ गोष्ट आहे, पण किट विकणारा ती सांगणार नाही.

आता किट ब. ७.२ हा आकडा छापील. ट्युब्युलर रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून कामाचे ३.६ युनिट. शिवाय १५० एएच हे सी१० वर (१० तासांत उतरवून मोजलेलं) की सी२० वर (२० तासांत) ते लेबलवर बघा. सी२० चा १५० हा सी१० ला मोजला तर कमी भरतो.

खरी अडचण चार्जिंगची आहे. १५० एएच ट्युब्युलरला १५ ते २० अँपिअरच्या वर चार्जिंग देऊ नये. ५६ व्होल्टला २० अँपिअर म्हणजे ११०० वॉट. तुमची पॅनेल भर दुपारी अडीच हजार वॉट देतील, त्यातले घरात वापरले नाहीत ते वाया. वर शेवटचे २० टक्के भरायला लेड-ॲसिड तासन्‌तास घेते, तोवर ऊन उतरतं. रोज थोडी अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची कमी होते. लाइट असताना ग्रिडवरून महिन्यातून एक-दोनदा पूर्ण भरणार असाल, डिस्टिल्ड वॉटर बघणार असाल आणि बॅटऱ्या हवेशीर जागी ठेवणार असाल (चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो) तर चालवता येईल. या लोडला मी घेणार नाही.

---

उलटसुलट

पॅनेलचं एवढं नका डोक्यात घेऊ. ३.२४ किलोवॉट × साडेचार तास × ०.७५ = दिवसाला जवळपास ११ युनिट. दिवसाचा लोड आणि बॅटरी भरून उरतं. दाट ढगाच्या दिवशी मात्र यातले दोन-अडीच युनिट पदरात पडतील. तेव्हा ग्रिड चार्जिंग चालू ठेवायचं.

ब किट घेतलं तर तीन-तीनची सिरीज करून दोन पॅरलल करा. पॅनेलचा ४१.६ व्होल्ट × ३ = १२५, मर्यादा १४५ ची, आरामात बसतं.

---

रात्रपाळी

@उलटसुलट, ही जोडणी कृपया कोणी करू नका. ४१.६ हा व्हीएमपी आहे, म्हणजे लोड असतानाचा. मर्यादा बघायची ती व्हीओसीची, म्हणजे लोड नसतानाच्या व्होल्टेजची. ५४० वॉटच्या पॅनेलचा व्हीओसी ४९.५ च्या आसपास असतो. तीन पॅनेल = १४८.५. इथेच १४५ ओलांडले. त्यात पॅनेल थंड असताना व्होल्टेज चढतं, अंशाला ०.२७ टक्के. पहाटे ५ अंश असेल तर २५ अंशांच्या छापील आकड्यावर ५.४ टक्के वाढ, म्हणजे एका पॅनेलला ५२.२ आणि तिघांना १५६. हिवाळ्यात सकाळी पहिलं ऊन पडतं, लोड नसतो, पॅनेल गार असतात, आणि त्याच क्षणी एमपीपीटीचा (इन्व्हर्टरमधला पॅनेलची वीज घेणारा भाग) इनपुट जळतो. 'पीव्ही ओव्हरव्होल्टेज'ची नोंद लॉगमध्ये राहते आणि वॉरंटी नाकारली जाते.

१४५ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन-दोनच्या तीन सिरीज लागतील. तिन्ही पॅरलल केल्या की ३९ अँपिअर, त्यामुळे जाड केबल. एका सिरीजमध्ये शॉर्ट झाला तर उरलेल्या दोन मिळून २७-२८ अँपिअर तिच्यात ढकलतात, आणि या पॅनेलांवर कमाल फ्यूज साधारण २५ अँपिअरचा लिहिलेला असतो. म्हणून प्रत्येक सिरीजला वेगळा डीसी फ्यूज आणि कंबायनर बॉक्स (सगळ्या सिरीज एकत्र आणणारा डबा) हवाच. स्वस्त किटमध्ये हा बॉक्स धरलेला नसतो.

किट अ मध्ये सहाही पॅनेल एका सिरीजमध्ये जातात. थंडीत ३१३ व्होल्ट, ५०० च्या बरेच खाली. दुसरं टोकही तपासा. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं तेव्हा व्हीएमपी ३६ च्या आसपास उतरतो, सहांचे २१५. एमपीपीटीची रेंज १२० पासून सुरू होत असेल तर उत्तम. करंट १३ अँपिअर, इनपुटची मर्यादा १८ असेल तर प्रश्न नाही.

टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली दुपारी कुठे पडते ते आधी बघा. दोन पॅनेल वेगळ्या दिशेला तोंड करणार असतील तर ती याच सिरीजमध्ये घालू नका, दुसऱ्या एमपीपीटीवर घ्या.

आणि ३०० व्होल्ट डीसी हा खेळ नाही. चालू लोडवर एमसी४ (पॅनेलच्या तारांचा) कनेक्टर ओढला तर आर्क विझत नाही. इन्व्हर्टरजवळ डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) लावा. एसीची एमसीबी तिथे चालत नाही. डीसी एमसीबीसुद्धा बऱ्याचदा ध्रुवता पाळणारी (प्लस-मायनस बघून बसवायची) असते, उलटी बसवली तर उघडताना आतून जळते. एमसी४ नर आणि मादी एकाच बनावटीचे घ्या. वेगवेगळ्या बनावटीचे एकमेकांत बसतात, पण संपर्क नीट होत नाही आणि कालांतराने वितळतात.

---

गच्ची_रिकामी

म्हणजे अ नक्की. पंखे बदलतो. पंपाचं काय? आणि विक्रेता म्हणतो की ५ केव्हीए आहे म्हणजे ५ किलोवॉट काहीही चालवा.

---

क्लॅम्पमीटर

दोन गोष्टी लेखी घ्या. एक, इन्व्हर्टर ५ केव्हीए म्हणजे किती किलोवॉट. काही मॉडेल ५ देतात, काही ४ वरच थांबतात. दोन, ग्रिड नसताना बॅकअप आउटपुट किती. हायब्रिडमध्ये हा आकडा मुख्य रेटिंगपेक्षा कमी असू शकतो.

इन्व्हर्टर ५ किलोवॉटचा असला तरी बॅटरी तेवढं देते का, ते वेगळं. ५ किलोवॉट काढायचे तर तोटा धरून बॅटरीतून १०० च्या वर अँपिअर लागतात. १०० एएचच्या बऱ्याच बॅटऱ्यांची डेटाशीट सतत डिस्चार्ज ५० अँपिअर सुचवते आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) १०० ला तोडते. ५० अँपिअर म्हणजे अडीच किलोवॉट. किट 'पाच'चं, पण रात्री ते अडीचचंच. तुमच्या लोडला अडीच भरपूर झाले, प्रश्न फक्त पंपाचा.

१ एचपी म्हणजे शाफ्टवर ७४६ वॉट, तारेतून ११०० च्या आसपास. चालताना काहीच नाही. सुरू होताना सिंगल फेज मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट क्षणभर ओढते. त्याच क्षणी फ्रिजचा कॉम्प्रेसरही चालू झाला की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो किंवा बीएमएस तोडते, आणि बीएमएसने तोडलं तर घरातलं सगळंच बंद. दुपारी ऊन असताना पंप लावा, पॅनेलचा हातभार मिळतो. सर्वात बरं म्हणजे पंप बॅकअप सर्किटवर घेऊच नका, लाइट असताना चालवा. घ्यायचाच असेल तर सिंगल फेज सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र) बसवा. कपॅसिटरवाल्या मोटरला साधा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावू नका.

---

रात्रपाळी

बसवताना जिथे घोळ होतो तेवढं लिहितो.

बॅटरी ते इन्व्हर्टर केबल दीड-दोन मीटरच्या आत, तांब्याची ३५ चौरस मिमी, पॉझिटिव्हवर बॅटरीला लागून डीसी फ्यूज. १२५ किंवा १६० अँपिअरचा, आणि त्याची तोडण्याची क्षमता बघून घ्या, कारण लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडते. लग (केबलच्या टोकाला बसणारे धातूचे कान) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले असावेत. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून सारखाच दिसतो. त्याची परीक्षा सोपी: दोन किलोवॉटचा लोड लावा, मल्टीमीटर मिलिव्होल्टवर, एक टोक केबलच्या तांब्यावर, दुसरं बॅटरीच्या बोल्टवर. पाच-सात मिलिव्होल्टच्या वर गेलं तर जोड सैल. एक मिलिओहमचा जोडसुद्धा १०० अँपिअरला १० वॉट उष्णता करतो, तीही बोटभर जागेत.

बीएमएसची कम्युनिकेशन केबल दोन्ही टोकांना आरजे४५ असते म्हणून कुठलीही लॅन केबल चालत नाही. पिना बनावटीप्रमाणे वेगळ्या असतात. बॅटरीच्या कागदावरचा प्रोटोकॉल इन्व्हर्टरच्या यादीत आहे का, हे खरेदीआधी बघा. व्होल्टेजवरून टक्के काढायचा प्रयत्न एलएफपीत फसतो. मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास हलतच नाही, आणि ४० टक्के दाखवणारी बॅटरी अचानक संपते.

केबल जुळलीच नाही तर हाताने सेटिंग: बल्क (भरतानाचं व्होल्टेज) ५६.० व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतर टिकवण्याचं) ५४.०, कटऑफ ४८.०, चार्जिंग ५० अँपिअर कमाल, इक्वलायझेशन बंद. शेवटचं विसरू नका. इन्व्हर्टर लेड-ॲसिडच्या सेटिंगवर येतो आणि इक्वलायझेशनचं वाढीव व्होल्टेज १६ सेलच्या बॅटरीला लागलं की बीएमएस तोडत राहते.

बॅकअपची सर्किट वेगळ्या डीबीत (वितरण पेटीत), त्यांचा न्यूट्रलही वेगळा. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचा न्यूट्रल एकच असतो. तो तसाच राहिला की आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखी पडते, आणि वायरमन वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. ते होऊ देऊ नका. ग्रिड नसताना इन्व्हर्टर न्यूट्रल-अर्थ जोड स्वतः करतो का, तेही विचारा, नाहीतर त्या वेळी फॉल्ट आला तरी आरसीसीबी पडणार नाही.

---

गच्ची_रिकामी

बॅटरी खरंच १०० एएच आहे हे कसं कळणार? आत जुने सेल घालतात असं ऐकलंय.

---

क्लॅम्पमीटर

पैसे पूर्ण देण्याआधी चाचणी घ्या. बॅटरी १०० टक्के भरा, नंतर तास-दोन तास तशीच चार्जिंगवर राहू द्या म्हणजे सेल समान होतात. मग पॅनेलचं आयसोलेटर आणि ग्रिड दोन्ही बंद, कटऑफ १० टक्के. १००० वॉटचा हीटर लावा आणि वेळ लिहा. हीटरचे खरे वॉट क्लॅम्प किंवा प्लगच्या मीटरने मोजून घ्या, छापील १००० वर विसंबू नका. तोटा आणि इन्व्हर्टरचे ६० वॉट धरून बॅटरीतून ११५० वॉट जातात. ४.६ युनिट ÷ १.१५ = चार तास. पावणेचार तास निघाले तर ठीक. तीन तासांत बंद पडली तर सेल जुने आहेत किंवा क्षमता खोटी आहे. चाचणी चालू असताना ॲपवर सोळाही सेलचे व्होल्टेज बघा. शेवटच्या टप्प्यात एकच सेल इतरांच्या आधी २.८ कडे घसरत असेल तर एकूण वेळ बरी आली तरी बॅटरी परत करा, उद्या तोच सेल सगळ्यांना थांबवेल.

वॉरंटीत सायकलचा आकडा किती टक्के डिस्चार्जला आणि किती तापमानाला दिलाय, आणि शेवटी किती क्षमता उरेल, ७० टक्के की ८०, हे तीनही लिहून घ्या. चाचणी संपली की कटऑफ परत १५ वर न्या आणि बॅटरी रिकामी ठेवून जाऊ नका, त्याच दिवशी भरा.