मदत हवी आहे: अकूस्टिक गिटार कोणत्या ब्रँडची घ्यावी? (शनिवारच्या आत ठरवायचंय)

मांडवीकिनारा
नमस्कार मंडळी. लेकीसाठी अकूस्टिक गिटार घ्यायची आहे. घरातल्या दोन गिटारी वाया गेल्या, आता तिसऱ्यांदा फसायचं नाही. शनिवारी दादरला लग्न आहे, रविवारी रात्रीच्या कोकणकन्येने परत. मधल्या वेळात खरेदी उरकायची. इथला दुकानदार म्हणतो यामाहा, क्लासचे सर म्हणतात फेंडर, भाचा म्हणतो कॉर्ट. नेटवर वाचून वाचून डोकं भणाणलं. तुमच्या आवडीचा एकच ब्रँड सांगा आणि का तेही सांगा. जरा लवकर सांगा प्लीज.

पाचवा_फ्रेट
यामाहा एफ३१०. डोळे मिटून घ्या. मी हॉस्टेलला असताना घेतली, ११ वर्षं झाली, तीन शहरं फिरली, दोनदा पलंगावरून पडली, अजून सुरात आहे. यामाहाचा मला आवडणारा गुण म्हणजे स्वस्तातली गिटारसुद्धा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नीट बसवलेली येते. एका गिटारवर जे मिळतं तेच दुसऱ्यावर मिळतं.

रात्रपाळी
एफ३१०चा टॉप, म्हणजे पुढची फळी, प्लायचा असतो हो. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण सॉलिड टॉप, म्हणजे अखंड लाकडाचा, घ्या. फेंडर सीडी-६०एस बघा, स्प्रूसचा सॉलिड टॉप आहे. सॉलिड टॉपचा आवाज वाजवून वाजवून खुलत जातो, प्लायचा पहिल्या दिवशी जसा तसाच दहाव्या वर्षी. माझा आवडता ब्रँड फेंडर.

पाचवा_फ्रेट
@रात्रपाळी, आयडी वाचलात का? मांडवी म्हणजे रत्नागिरी. जुलैत तिथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. गिटारला लागते ४५ ते ५५. सॉलिड टॉप त्या हवेत फुगतो. प्लायमध्ये पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो फारसा हलत नाही. कोकणात प्लायच बरी.

रात्रपाळी
मग कोकणात कोणी सॉलिड टॉप वापरतच नाही? पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, पुड्या ओल्या झाल्या की बदला. एवढं केलं की झालं.

सुतारपक्षी
ताई, ब्रँडचं नंतर बघू. आधीच्या दोन गिटारी वाया गेल्या म्हणजे नेमकं काय झालं? बजेट किती? मुलीचं वय काय? नायलॉनच्या तारांची हवी की स्टीलच्या?

मांडवीकिनारा
पहिलीचा ब्रिज (तारा अडकवायची टॉपवरची पट्टी) उखडला, दुसरी वाकली. बजेट १५ हजार. मुलगी नववीत. तारांचं मला कळत नाही, साधी गिटार, सगळे वाजवतात तशी. ब्रँड सांगा ना कृपया, उद्या संध्याकाळी निघायचंय.

एडिसनकर
माझा आवडता ब्रँड विचाराल तर मार्टिन, दुसरा विचारच नाही. आमच्याकडून पेन्सिल्व्हेनियातलं नाझरेथ गाडीने फार लांब नाही, तिथला कारखाना आत जाऊन बघता येतो. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली कंपनी, आजही त्याच घराण्याच्या नावाने चालते. एका टेबलावर एक बाई टॉपच्या आतल्या पट्ट्या छिन्नीने तासत होती. मध्येच थांबून बोटाने टकटक करायची, ऐकायची, पुन्हा तासायची. मी पंधरा मिनिटं तिथून हललो नाही. बजेट थोडं वाढवलंत तर आयुष्यभराची सोय होईल. कोणी अमेरिकेहून येणारं असेल तर आणवून घ्या.

रात्रपाळी
दादा, १५ हजार म्हणाल्या त्या. आणि शनिवार परवा आहे.

म्हापसेकर
मार्टिनवरून आठवलं. जगातल्या भारी गिटारींची पाठ आपल्याकडच्या शिसवाची असते. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हा मार्टिनने १९६९ पासून भारतीय शिसव धरलं. आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांत शिसवाच्या खुर्च्या असतात, तेच लाकूड. २०१७ ते २०१९ मध्ये शिसवावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा शिसवाची गिटार विकायला परदेशी पाठवताना कागदांची भानगड होती. नंतर वाद्यांना सूट मिळाली.

गोडाघाट
मी पण नवशिका आहे. ट्यूनिंगसाठी मोबाइलवर कुठलं ॲप चांगलं? क्लिपवाला ट्यूनर घ्यावा का?

तंबोरा
मुलीला गिटार शिकवायचीच आहे तर आपलं संगीत का नको? ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला, म्हणजे गिटारवरूनच केलेल्या वाद्याला, १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. ब्रँडच्या मागे लागण्याआधी गुरू शोधा. आधी सा लागू दे.

मांडवीकिनारा
@तंबोरा, ती क्लासला जाते, सर चांगले आहेत. मला गिटारचं सांगा.

सुतारपक्षी
मी १८ वर्षं वाद्यदुरुस्ती करतो म्हणून खोदून विचारतोय, राग मानू नका. पहिल्या गिटारच्या ब्रिजला तारा अडकवायला पांढऱ्या पिना होत्या का? आणि डोकं सपाट होतं की त्यात दोन लांब खाचा होत्या?

मांडवीकिनारा
पिना नव्हत्या. डोक्यात दोन लांब खाचा होत्या. माझ्या आत्याची गिटार ती, मडगावला होती, तिने हौसेने लेकीला दिली. जुन्या तारा प्लॅस्टिकसारख्या दिसत होत्या, म्हणून दुकानदाराने चांगल्या स्टीलच्या चढवून दिल्या. तीन आठवड्यांनी रात्री फाटकन आवाज आला. सकाळी बघतो तर ब्रिज तारांना लोंबकळतोय. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

सुतारपक्षी
तिथेच घोटाळा झाला. ती क्लासिकल गिटार होती, तिला नायलॉनच्याच तारा लागतात. नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण ४० किलोचा ताण देतात, स्टीलच्या लाइट सेटचा ताण ७० किलोच्या वर जातो. क्लासिकलच्या टॉपखाली बारीक पट्ट्या पंख्यासारख्या बसवलेल्या असतात, एवढा ताण त्या पेलत नाहीत. स्टीलच्या गिटारला आतून जाड पट्ट्यांची फुली असते. यात ना ब्रँडची चूक, ना तुमची. चूक तारा चढवणाऱ्याची.

आता दुसरीचं सांगा. कुठे ठेवता? वाकली म्हणजे काय झालं?

मांडवीकिनारा
अगं बाई. हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही.
दुसरी साधी स्टीलची, मोठ्या अंगाची. हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली असते, खिडकीशेजारच्या भिंतीवर. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते खरी. तारा वर उचलल्यासारख्या झाल्यात, दाबायला जोर लागतो.

खरं सांगायचं तर दीड महिना झाला, पोरगी गिटारला हात लावत नाही. कारण विचारलं तर "अभ्यास आहे" म्हणते. परवा सरबताला लिंबू पिळायला दिलं तर झटक्यात हात मागे घेतला. तेव्हा बघितलं, डाव्या हाताची चारही बोटं टोकाला सोलवटलेली. एवढे दिवस बोलली नाही. हट्ट करून स्वतः मागितलेली गिटार, म्हणून सांगायला लाजली असेल. म्हणून घाई करतेय हो मी.

डोंबिवलीफास्ट
सुरुवातीला सगळ्यांचीच बोटं सोलवटतात. घट्टे पडले की दुखत नाही. माझ्या वेळी रक्त यायचं, तरी वाजवायचो. सोडून देऊ नका, दटावून बसवा.

पाचवा_फ्रेट
हे पटत नाही. दुखणं आणि सोलवटून निघणं यात फरक आहे. रोज वाजवून दीड-दोन आठवड्यांत कातडी घट्ट व्हायला लागते. इथे मुलगी दीड महिना हात लावत नाहीये. हा गिटारचा दोष आहे, पोरीचा नाही.

डोंबिवलीफास्ट
लिंबाचं वाचलं नव्हतं मी, घाईत लिहिलं. दटावू नका. पण थोडं दुखणार हे तिला आधीच सांगून ठेवा.

सुतारपक्षी
ताई, एक काम करा. कंपासपेटीतली पट्टी घ्या. खुंट्यांकडून बारावी धातूची आडवी पट्टी म्हणजे बारावा फ्रेट. त्याच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. गिटार सुरात लावून मोजा.

मांडवीकिनारा
२ मिलिमीटर भरलं. फोटो टाकलाय. म्हणजे ठीकच आहे ना?

सुतारपक्षी
फोटो मोठा करून बघितला. तुमच्या पट्टीवर शून्य अगदी कडेला नाही, कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर आत आहे. कड फ्रेटवर टेकवलीत म्हणजे ते ३ धरायचे राहिले. खरी उंची ५ मिलिमीटर. असायला हवी अडीचच्या आसपास. दुप्पट उंचीवरून तार दाबत होती पोरगी. त्यात एफ कॉर्ड (पहिल्या बोटाने तारा एकदम आडव्या दाबायच्या) लावायला गेली असेल तर पहिल्या बोटाचं काय झालं असेल ते मला कळतं.

मांडवीकिनारा
एफवरच अडकली होती. सर सारखे म्हणायचे, जोर लाव.

रात्रपाळी
मग हीच दुरुस्त करता येणार नाही का? सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासली की उंची उतरते. नवीन घ्यायचीच कशाला?

सुतारपक्षी
बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायला सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. इथे अडीच उतरवायचेत म्हणजे पाच घासायला हवी. फोटोत सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम तीन दिसतेय. ट्रस रॉडने, म्हणजे मानेतल्या सळईने, मानेचा बाक थोडा सुधारेल, पण टॉप ब्रिजमागे फुगलाय, तो त्याने बसत नाही. खर्च करण्यात अर्थ नाही. नवीन घ्या.

आता ब्रँड. यामाहा, फेंडर, कॉर्ट, तिन्ही चालतील. अंग मात्र लहान घ्या. मोठ्या अंगाला ड्रेडनॉट म्हणतात. मार्टिनने १९१६ मध्ये तो आकार आणला, ब्रिटिशांच्या युद्धनौकेवरून नाव पडलं, भरघोस आवाजासाठीच केलेला. नववीतल्या पोरीचा उजवा हात त्यावरून घ्यायचा तर खांदा वर चढतो. तुमच्या बजेटमध्ये यामाहा एफएस१००सी किंवा कॉर्ट एएफ५१०. दोन्ही कॉन्सर्ट आकाराच्या, म्हणजे लहान अंगाच्या, दोन्हीचा टॉप प्लायचा. तुमच्या भिंतीची ओल बघता मी पाचवा_फ्रेटच्या बाजूने.

रात्रपाळी
मला अजूनही सॉलिड टॉपच आवडतो, पण या घरासाठी प्लाय घ्या, मान्य. मुलीला मात्र सोबत न्या. आणि एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढायला लावा. आकार तोच असला तरी तारांची उंची प्रत्येकीची थोडी वेगळी असते.

पाचवा_फ्रेट
दुकानात तारा ०.०१२च्या (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात) असतील तर ०.०११ किंवा ०.०१०चा सेट बदलून मागा. बारीक तारांचा आवाज थोडा पातळ येतो, पण बोटांना आराम. आणि ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर ठेवा, बर्थखाली सरकवू नका, बॅगा आपटतात.

गोडाघाट
ॲपचं कोणी सांगितलं नाही.

म्हापसेकर
@गोडाघाट, क्लिपवाला ट्यूनर घ्या. शेजारी टीव्ही चालू असला तरी चालतो, तो लाकडाची थरथर पकडतो. ॲप माइकवर ऐकतं, गोंगाटात गोंधळतं.

मांडवीकिनारा
सोमवार. आलो घरी. लेकीला नेलं होतं. दुकानात आधी बोटंच खिशातून काढेना. मग दुकानातल्या मुलाने यामाहा दिली, ती छान होती. पण कॉर्ट मांडीवर घेतल्यावर ती नीट टेकून बसली, खांदा खाली आला, मलासुद्धा दिसलं. एएफ५१० दोन काढायला लावल्या. पहिलीची उंची ३ च्या वर, दुसरीची अडीच. या वेळी स्टीलची पट्टी नेली होती, शून्य कडेलाच असलेली. दुसरी घेतली, तारा ०.०११च्या बदलून घेतल्या. एफ अजून नीट वाजत नाही, पण सहापैकी चार तारा बोलतात. काल रात्री बर्थवर बसून तेच करत होती. समोरच्या आजोबांना झोपायचं होतं म्हणून बंद केलं.

खिळा काढून टाकलाय. पेटी आतल्या खोलीच्या कपाटात. सुतारपक्षीदादा, तुमचे उपकार. सगळ्यांचेच.

एकच विचारते. आत्याची गिटार अजून आहे. ब्रिज परत चिकटवता येतो का? घरात फेव्हिकॉल आहे.

सुतारपक्षी
येतो, पण तुम्ही घरी चिकटवू नका. आधी जुना सरस पूर्ण काढावा लागतो, टॉपची लाकडं उचकटली असतील तर ती बसवावी लागतात, मग शिकंजा लावून एक दिवस दाबून ठेवायचं. वरून फेव्हिकॉल लावलात तर पुढच्याला तो खरवडण्यात टॉपचं लाकूड जातं. ब्रिज आणि टॉपचे जे काही कपचे निघाले असतील ते एका पाकिटात घालून गिटारच्या पेटीत ठेवा. एकही फेकू नका. स्टीलच्या तारा आजच काढा. मोकळी होऊ दे.

मांडवीकिनारा
दोन कपचे सापडले, तिसरा सोफ्याखाली होता. पाकिटात ठेवले. आत्याला संध्याकाळी फोन करते.