लाल बिया गुंजा आहेत, जपून
जुन्या घराच्या कोनाड्यात लिंपून टाकलेली पितळी डबी सापडली, आत इवलीशी पारडी आणि लाल बिया; हे पूजेचं सामान का, असा प्रश्न आहे. हा सोनाराचा काटा आहे हो, पूजेचं सामान नव्हे! बीच्या टोकाला काळा ठिपका असेल तर ती गुंजच. सोनं तोलायची ही जुनी वजनं: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. घरात लहान मुलं असतील तर बिया आधी उचलून ठेवा. गुंज विषारी, चावली गेली तर जिवावर बेतते.

सोबत तांब्याची नाणी असतील आणि त्यांच्यावर एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ लागलं तर ती शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं नाणं. कृपा करून चिंचेने घासू नका. आणि दडवलेला ऐवज १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.