पाइपमधला टर्ब्युलंट फ्लो: दाब सातपट कमी का येतोय?

थर्डइयर_मेकॅनिकल
नमस्कार, सीएफडीत (संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवणं) अगदी नवीन आहे. ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये १५ मिमी व्यासाचा पाइप घेतला, पाणी, सरासरी वेग १ मीटर/सेकंद. पाइपचा पातळ वेजच (केकच्या तुकड्यासारखी फाक) घेतलाय आणि दोन्ही टोकं सायक्लिक ठेवलीत, म्हणजे एका टोकातून गेलेलं पाणी दुसऱ्यातून परत आत येतं. सोल्व्हर लॅमिनार, म्हणजे भोवऱ्यांशिवाय थराथराने वाहणारा प्रवाह धरणारा. छान कन्व्हर्ज झालं, पण दाबातली घट मीटरमागे १४२ पास्कल येतेय आणि सरांनी टर्ब्युलंट (खळबळत्या) प्रवाहासाठीच्या ब्लासियसच्या सूत्राने हाताने काढली ती ९५० च्या आसपास. मेश (सेलची जाळी) चारदा बारीक केला, भिंतीजवळचा सेल ०.०५ मिमीपर्यंत नेला, तरी १४२ च! चुकतंय कुठे?

भोवरा
तुझं गणित चुकलेलं नाहीये, १४२ हे बरोबर लॅमिनारचं उत्तर आहे. तुझा रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर चिकटपणापुढे किती मोठा, ते सांगणारा आकडा) १५,००० आहे आणि पाइपमध्ये साधारण २,३०० च्या पुढे प्रवाह विस्कटायला लागतो, रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हेच दाखवलं होतं. खऱ्या पाइपात भोवरे मधलं वेगवान पाणी भिंतीकडे ढकलत राहतात, त्यामुळे भिंतीला लागून वेग एकदम चढतो आणि घर्षण वाढतं. वेजमध्ये गोल फिरण्याच्या दिशेला एकच सेल असतो, म्हणजे भोवऱ्यांना आडवं वळायला, ताणलं जायला जागाच नाही. मेश कितीही बारीक कर, ते तिथे जन्मालाच येणार नाहीत.

थर्डइयर_मेकॅनिकल
मग पूर्ण थ्रीडी पाइप घेऊन सगळे भोवरे खरेखुरे सोडवले तर?

भोवरा
त्याला डीएनएस (डायरेक्ट न्यूमेरिकल सिम्युलेशन) म्हणतात, आणि ते लॅपटॉपवर होणार नाही. मोठा भोवरा फुटून लहान, त्यातून आणखी लहान, असं होत शेवटी चिकटपणा त्यांना उष्णतेत जिरवतो. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हच्या १९४१ च्या मांडणीने ढोबळ हिशोब केला तर तुझ्या पाइपात सगळ्यात लहान भोवरा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा येतो. सेल लागतात रेनॉल्ड्स नंबरच्या सव्वादोन घाताइतके, म्हणजे २५० कोटी. प्रत्येक सेलमध्ये वेगाचे तीन आकडे आणि दाब, एवढं नुसतं साठवायलाच ८० जीबी मेमरी! आणि हा साधा नळाचा पाइप आहे बरं का.

जुना_सीएफडीवाला
म्हणून तर रान्स (सरासरी घेतलेली प्रवाहाची समीकरणं). भोवरे सोडवायचेच नाहीत, सगळ्याची सरासरी घ्यायची. पण सरासरी घेतली की समीकरणात नवीन अनोळखी पदं येतात आणि त्यांना समीकरणंच पुरत नाहीत, तिथे मॉडेल लागतं. त्यातलंच एक के-एप्सिलॉन, त्यात के म्हणजे खळबळीत किती ऊर्जा आहे आणि एप्सिलॉन म्हणजे ती किती वेगाने जिरतेय, त्यावरून भोवऱ्यांमुळे वाढलेला 'जादा चिकटपणा' काढतात. त्यातले ०.०९, १.४४, १.९२ हे आकडे साध्या प्रवाहांच्या प्रयोगांवरून बसवलेत, हे कायम लक्षात ठेव, कारण प्रवाह वेगळ्या जातीचा असला की ते फसवतात.

आणि तो ०.०५ मिमीचा सेल काढ! वॉल फंक्शन (भिंतीलगतचा वेग न सोडवता तयार सूत्राने धरणं) वापरणार असशील तर पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचं एककाशिवायचं माप) ३० च्या वर हवा, तुझ्याकडे ते भिंतीपासून साधारण अर्धा मिमी येतं. इथे बारीक मेश म्हणजे चांगला मेश नाही, नवीन मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

थर्डइयर_मेकॅनिकल
दादा, पहिला सेल १ मिमी जाडीचा केला, के-एप्सिलॉन लावलं, ९१० आला!! वेगाचा आलेखही पॅराबोला जाऊन चपटा झालाय, मधला वेग आधी सरासरीच्या दुप्पट होता तो आता सव्वापटीवर आलाय. पुढे ९० अंशाचा एल्बो करायचाय, हेच सेटिंग चालेल ना?

जुना_सीएफडीवाला
एल्बोला वेज चालणार नाही, थ्रीडीच घ्यावं लागेल. शिवाय आतल्या वळणावर प्रवाह भिंत सोडतो आणि के-एप्सिलॉन तिथे कच्चं आहे. के-ओमेगा एसएसटी हे दुसरं मॉडेल घे, आणि आता मात्र भिंतीजवळ खरंच बारीक जा, वाय-प्लस १ म्हणजे ०.०१७ मिमी.