‘द रुइन्स’ परत लावावा का? शनिवारी गच्चीवर, सल्ला हवा

गच्चीवाला_शहापूर
शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर सिनेमा आहे. आठ जण, त्यात माझी आत्या. प्रोजेक्टर मित्राचा, पडदा म्हणजे आईची पांढरी चादर. सिनेमाच्या भाड्याला २०० रुपये, वर एक रुपया नाही. ‘द रुइन्स’ (२००८) डोक्यात आहे. कॉलेजात बघून शिव्या घातल्या होत्या : मेक्सिकोत सुट्टीला गेलेली अमेरिकन पोरं, जंगलात माया लोकांचा पडका पिरॅमिड, त्यावर माणूस खाणारी वेल. परवा अर्धा परत बघितला तर तेवढा टाकाऊ वाटला नाही. लावू? की त्याच जातीचा दुसरा सुचवता? भूत नको.

निपाणीकर_७७
चादर?? अरे मी दिवाळीत ३५ हजारांचा प्रोजेक्टर घेतला, वर १०० इंची पडदा. चादरीवर काळा रंग काळा दिसतच नाही. भीतीचा सिनेमा राखाडी बघणार काय? आधी पडदा घे, मग सिनेमा ठरव.

गच्चीवाला_शहापूर
बजेट २०० आहे हो.

निपाणीकर_७७
हप्त्यानं मिळतो.

पहिलं_गेट
‘हॉस्टेल’ (२००५) लाव. पोरं परदेशात मजा मारायला जातात आणि पुढं जे होतं ते बघून मी दोन दिवस मटण खाल्लं नाही. एकच नंबर.

कुंदा_पाव_किलो
आत्या येणार आहे म्हणालाय तो. वाचूलालास की नुसतं लिहूलालास?
आणि त्यात गोष्ट स्लोव्हाकियातली, शूटिंग चेक प्रजासत्ताकात. स्लोव्हाकियाचे लोक भडकले होते, बरोबरच आहे. उद्या कुणी बेळगाव म्हणून दुसरंच गाव दाखवलं आणि तिथं माणसं कापली, तर आपण गप्प बसू काय?

पहिलं_गेट
मग ‘द रुइन्स’चं मेक्सिको तरी कुठं खरं आहे? तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला केलाय.

कुंदा_पाव_किलो
म्हणूनच म्हणतो, ‘चेर्नोबिल डायरीज’ (२०१२) बघा.

पहिलं_गेट
तो सर्बिया आणि हंगेरीत!

वडगावची_ताई
भांडा आता. ‘चेर्नोबिल’ मी बघितलाय. पहिला अर्धा तास बरा, नंतर अंधारात नुसती पळापळ. भट्टीशेजारचं खरं गाव प्रिप्यातच जास्त भीतीदायक आहे : २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टीत स्फोट, दुसऱ्या दिवशी गाव रिकामं, आणि १ मेला सुरू व्हायचा तो मोठा पाळणा तसाच उभा. सिनेमानं त्या पाळण्याचं काय केलं? काही नाही.
‘द रुइन्स’बद्दल : मधे पाय कापायचा प्रसंग आहे, दगड आणि चाकूनं. जेवण आधी उरका. आणि त्याच्या आवृत्त्या दोन आहेत, शेवट वेगवेगळा. भाड्यानं घेताना कुठली ते बघून घ्या. आत्यांना मात्र दाखवू नका.

पहिलं_गेट
लेखक स्कॉट स्मिथ, दिग्दर्शक कार्टर स्मिथ. भाऊ भाऊ काय?

वडगावची_ताई
नाही.

खानापूरचं_जांभूळ
तीन वर्षांमागं आम्ही चौघं भीमगडाकडं बारापेडेची गुहा बघायला निघालो. वटवाघळं असतात म्हणून ऐकलेलं. वनखात्याची परवानगी-बिरवानगी काही नाही, मूर्खपणा आमचाच. एका वाडीच्या बाहेर म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली आणि जे ओरडायला लागला! सोबत दोघं हुबळीचे. त्यांना वाटलं पैसे मागतोय, त्यातल्या एकानं खिशातनं १०० ची नोट काढली. म्हातारा आणखीन भडकला. मला त्याची मराठी अर्धी कळली : पुढं अस्वल आहे, पिल्लं घेऊन. मला तेवढं कळलं नसतं तर आम्ही त्याला बाजूला सारून गेलो असतो आणि घरी येऊन सांगितलं असतं, गावातली माणसं लई वाईट.
‘द रुइन्स’ मी त्यानंतर बघितला. त्या पोरांतली एमी वेलीला लागते आणि तिथले माया गावकरी बंदुका रोखतात, तिथं मला म्हातारा आठवला.
बाकी वेल कंप्युटरची वाटते हे खरं. आणि हो, निपाणीकर म्हणतात तसं पडदा बघा जरा.

पहिलं_गेट
अस्वल दिसलं काय?

खानापूरचं_जांभूळ
नाही. परत फिरलो.

निपाणीकर_७७
आमच्याकडं बिबट्या आलता.

गच्चीवाला_शहापूर
काल रात्री पूर्ण बघितला. पहिली २५ मिनिटं अजूनही रद्दीच आहेत. बीच, दारू, कुणाचं कुणावर प्रेम, कोण मेलं तरी वाईट वाटणार नाही अशी पोरं. फोनचा आवाज मात्र भारी जमलाय. खाली विहिरीसारख्या भोकात रिंग वाजते, जीव धोक्यात घालून उतरतात, आणि ती रिंग वेलीच्या फुलांनी नक्कल केलेली असते.
पण जांभूळ म्हणतायत तेच खरं निघालं. एमी चिडून वेलीचा तुकडा फेकते, तो गावातल्या एका पोराला लागतो, आणि गावकरी आपल्याच पोराला मारतात. कॉलेजात मला तो नुसता क्रूरपणा वाटला होता. आता कळलं, गावकरी त्या अमेरिकन पोरांना मारायला पिरॅमिडला वेढा घालून बसलेलेच नाहीत. वेल खाली गावात उतरू नये म्हणून बसलेत. पोरांना त्यांची भाषा कळत नाही, आणि हे सांगणारं मधे एकही माणूस नाही. आपल्याकडं एसटीच्या रांगेतसुद्धा कन्नडचं मराठी करून देणारा एक तरी भेटतो.
तर शनिवारी ‘द रुइन्स’च. चादरीवरच.

वडगावची_ताई
आणि आत्या?

गच्चीवाला_शहापूर
पाय कापायचं सांगितलं. त्या ३० वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. म्हणाल्या, “दगडानं? पुढच्या ओळीत खुर्ची ठेव माझी.”

कुंदा_पाव_किलो
चादर चारी बाजूंनी बांधा, वारं आहे.