अनुभव धागा : ऋतू पालटला की अंगणात काय पालटते?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुत्रीच्या कानात गवताचे कुसळ गेले. ती मान एका बाजूला कलती धरून सारखी डोके झटकत होती, आणि कान खाजत असेल अशा समजुतीने मी दोन दिवस त्यात तेलाचे थेंब सोडत राहिलो. कुसळावर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकत जाते. शेवटी पशुवैद्यांनी गुंगी देऊन ते चिमट्याने काढले. महिन्याभरापूर्वी ती ज्या मऊ हिरव्या गवतात लोळत असे, तेच वाळून टोकदार झाले होते आणि मी मात्र त्याच नजरेने त्याकडे पाहत होतो. आपल्या अंगणात ऋतू बदलताना असे काय घडले, पहिले लक्षण कोणते दिसले आणि त्याचे कारण कळायला किती वेळ गेला, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

* * *

आमच्या बोक्याने लिलीचे फूल खाल्लेच नव्हते. कुंडीतल्या लिलीला बहर आला होता, तो तिला अंग घासून गेला आणि त्याच्या पाठीवर केशरी पराग लागले, एवढेच मी पाहिले होते. नंतर त्याने नेहमीप्रमाणे अंग चाटून स्वच्छ केले. संध्याकाळी तो दोनदा ओकला, रात्रभर कोपऱ्यात पडून राहिला आणि सकाळी बराच तरतरीत दिसला, म्हणून दवाखान्याचा विचार आम्ही सोडूनच दिला होता. बहिणीला सहज फोटो पाठवला, तर तिने बोक्याविषयी न विचारता मागच्या कुंडीविषयी विचारले! मांजरांच्या बाबतीत खऱ्या लिलीची पाने, पाकळ्या, पराग, इतकेच नव्हे तर फुलदाणीतले पाणीसुद्धा मूत्रपिंडे निकामी करू शकते, आणि उलट्या थांबल्यावर जनावर सुधारल्यासारखे वाटते त्याच काळात आतली हानी वाढत असते. उपचार साधारण १८ तासांच्या आत सुरू झाले तर वाचण्याची आशा चांगली असते, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही सोळाव्या तासाला पोहोचलो. बोका ३ दिवस सलाईनवर होता आणि आज ठणठणीत आहे. लिली मात्र त्याच दिवशी अंगणातून गेली.

* * *

आमच्याकडे कारण कळायला एक मिनिटही लागले नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री कुत्र्याने खडबडीत कातडीचा टोड, म्हणजे कातडीतून विष सोडणारा बेडूक, तोंडात धरला आणि लगेच सोडला, तरी त्याच्या तोंडातून फेसाळ लाळ गळू लागली. त्याचे डोके खाली झुकवून, पाणी घशात जाणार नाही अशा बेताने नळीची धार एका बाजूने सोडून मी तोंड धुतले आणि मगच त्याला दवाखान्यात नेले.

* * *

माझी चूक माझ्याच हातची आहे. थंडी पडू लागली की उंदीर घराकडे वळतात, म्हणून मी लाकडांच्या ढिगामागे विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. त्यातली एक नाहीशी झाली, ती उंदरांनी नेली असे मी धरून चाललो. चौथ्या दिवशी कुत्रीच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या आणि नाकातून रक्त आले. हे विष रक्त गोठू देत नाही, पण शरीरातला गोठण्याच्या घटकांचा साठा संपेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. पशुवैद्यांनी आधी वड्यांमधल्या विषारी घटकाचे नाव विचारले, कारण औषध किती दिवस द्यायचे हे त्यावर ठरते, आणि वेष्टन तर मी कधीच फेकून दिले होते. के१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या ४ आठवडे चालल्या. आता पिंजरा वापरतो. तो रोज रिकामा करणे कंटाळवाणे आहे, हे मान्य.

धागाकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते : कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे तपासल्याशिवाय कानात काहीही सोडू नये.

* * *

कडाक्याच्या थंडीत मांजरे मोटारीच्या उबदार इंजिनाजवळ जाऊन झोपतात, हे एका सकाळी किल्ली फिरवण्याच्या बेतात असताना आतून आलेल्या बारीक आवाजाने मला कळले. तेव्हापासून बोनेटवर तीन थापा मारून थोडे थांबल्याशिवाय मी गाडी सुरू करीत नाही. परवा थापा मारल्या, तर आमचे मांजर खिडकीत बसून पाहत होते आणि चाकामागून शेजाऱ्यांचे बाहेर आले.